मला जेठालाल आपला वाटतो, यात काय बिघडलं?

प्रिय अक्का,

आमचं खानापुरात मिक्सर, कुकर, शेगडीचं दुकान आहे. विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. मालक बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला जातात, म्हणून दुकानात मीच बसतो. रात्री साडेआठला सगळे मिळून ‘तारक मेहता’ बघत जेवतो. घरात सगळ्यांना त्यातली नावं पडल्यात. मी मोठ्यानं हसतो म्हणून मी दया, जेठालालची बायको. समोरच्या घरातली भाडेकरीण म्हणजे बबिताजी, जेठालाल जिच्यावर लट्टू असतो ती शेजारीण. ती दिसली की मालक त्याच सुरात ‘बबिताऽजी’ करतात आणि मी काही बोलले तर म्हणतात, चेष्टा कळत नाही काय? धाकटे दीर छत्तीस वर्षांचे, लग्न जमेना, ते पोपटलाल. ते हल्ली आत स्वयंपाकघरातच जेवतात. परवा मी म्हणालो, मला तर जेठालाल म्हणजे मीच वाटतो. सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसानं असलं बोलू नये. मालक म्हणाले, मग मी दया व्हायचं काय? त्या दिवसापासून घुश्श्यात आहेत. बारा वर्षांची मुलगी विचारते, त्यातल्या बायका दुपारी काय करतात गे? माझ्यात काही बिघडलंय काय? आणि ही मालिका घरात बंद करू काय?

– एक बघणारी, खानापूर

नमस्कार ताई,

तुमच्यात काहीही बिघडलेलं नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. (पत्रातलं ‘बसतो’, ‘म्हणालो’ मुद्दाम तसंच ठेवलंय. आपल्याकडच्या बायका बोलतात तसं लिहिलेलं सुधारायचं मला काही कारण दिसलं नाही.)

जेठालालच का, ते आधी बघू. २८ जुलै २००८ ला ही मालिका सुरू झाली, चार हजारांवर भाग झाले. त्यातल्या कितीतरी गोष्टी कुठून सुरू होतात आठवा. जेठालालच्या दुकानात, गडा इलेक्ट्रॉनिक्समध्ये, फोन वाजतो. मोठी ऑर्डर मिळते, किंवा हातातली जाते. नट्टूकाका पगारवाढ मागतात, बाघा सांगितलेलं सोडून भलतंच करून ठेवतो, अहमदाबादहून मेहुणा येतो आणि भावजींच्या खिशाला चाट लावून जातो. घरी यावं तर वडिलांचा, बापूजींचा धाक. या माणसाचं रोज काहीतरी अडलेलं असतं आणि रोज कुणाला तरी तोंड द्यायचं असतं. बघणाऱ्याचं मन अडचणीच्या मागं जातं. अडचण पुरुषाची की बाईची, हे ते फार बघत नाही.

तुमच्याकडे वेगळं काय असणार? पाच लिटरच्या कुकरच्या रिंगा सांगायच्या, पार्सल फोडलं की तीन लिटरच्या निघायच्या, आणि गिऱ्हाईक दारात उभं, घरी पाहुणे बसलेत म्हणून. खानापूरचा पाऊस लागला की वीज दिवसातून दहादा जाणार-येणार, जळक्या वासाचे मिक्सर काउंटरवर येऊन बसणार, त्याच आठवड्यात कार्बन ब्रश नि कपलर संपलेले असणार, आणि कंपनीचा माणूस फोन उचलणार नाही. वर एखादा आत डोकावून विचारणार, ‘मालक नाहीत काय?’ हे सगळं उरकून रात्री जेवायला बसलेल्या बाईनं कुणात स्वतःला शोधावं? गरब्यात? दया झालेल्या दिशा वाकानींचं काम झकासच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण लिहिणाऱ्यानं दयाच्या पदरात काय टाकलं? हसणं, ‘हे माँ माताजी’, आईला फोन, आणि वेळी-अवेळी टाळ्या पिटत फेर धरणं. त्या आईचा चेहरासुद्धा आपल्याला कधी दाखवला नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये दिशा वाकानी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यानंतर घरातली सून वर्षानुवर्षं घरात नाही, आणि मालिका चालूच. जेठालालला महिनाभर बाजूला काढून बघा बरं चालते का. दया आता येणार, मग येणार, एवढीच तिची गोष्ट उरली. तीसुद्धा वाट बघणाऱ्या नवऱ्याची.

असं का झालं, याला कारण आहे. तारक मेहता हे खरे गुजराती लेखक. १९७१ पासून ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात त्यांचं विनोदी सदर येत होतं, त्यावरून ही मालिका निघाली. मालिकेतही गोष्ट सांगणारा तारक मेहताच, जेठालालचा जिवलग शेजारी, त्याचा ‘फायर ब्रिगेड’. पुरुषमित्रानं मित्राची फजिती सांगायची, असा तिचा मूळ घाट. आपण घरात शिरतो ते त्या मित्राच्या मागोमाग. त्यामुळे अंजली दिसते ती नवऱ्याला कारल्याचा रस देताना, बबिता दिसते ती गॅलरीतून जेठालालला दिसते तेवढी. माधवीचा लोणची-पापडाचा धंदा आहे, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. पण तिची बाकी कुणाकडं थकली म्हणून तिची झोप उडालीय, असं कितीदा बघितलंत? तिच्या नवऱ्याची, भिडेमास्तरांची झोप मात्र सोसायटीच्या पायी सारखी उडते.

मुलगी म्हणूनच विचारते, बायका दुपारी काय करतात. ती दुपारी शाळेतून येते तेव्हा आईला दुकानात बघते. तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. ‘लिहिणाऱ्यानं त्यांची दुपार लिहिली नाही’ असं सरळ सांगा. बारा वर्षांच्या पोरीला तेवढं कळतं.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांना माझ्याकडून एवढं सांगा. संगीत नाटक ज्यांनी उभं केलं ते अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले आपल्याच जिल्ह्यात, गुर्लहोसूरला. त्यांच्या नाटक मंडळीत १९०५ मध्ये आलेले बालगंधर्व पुढं कित्येक वर्षं बाईच्या भूमिका करत राहिले, आणि चांगल्या घरच्या लेकीसुना त्यांच्यासारखं लुगडं नेसायला, त्यांच्यासारखे दागिने घालायला बघत होत्या. रंगमंचावर पुरुष होता हे काय त्या बायकांना ठाऊक नव्हतं? ठाऊक असूनही त्याच्यात त्यांना आपलं काहीतरी दिसलं आणि कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत. मग शंभर वर्षांनी खानापुरातल्या दुकानदारणीला एका दुकानदारात आपलं काहीतरी दिसलं तर त्यात बाईपणाला धक्का कसला? आणि गोकाक-चिकोडीकडची श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य करणारी मंडळी कधी बघितली असतील तर सासूबाईंना आठवेल, त्यात सगळा खेळ सत्यभामेच्या हट्टावर चालतो. तिला फूल पाहिजे, आणि देवालासुद्धा घाम फुटतो. याच पारिजातात कौजलगीच्या निंगम्मांनी, म्हणजे बाईमाणसानं, केवढं नाव कमावलं. तेव्हा बाईच्या ‘मला पाहिजे’वर विनोद उभा राहतो हे आपल्या मातीला नवीन नाही. टीव्हीलाही जमलंय ते. ‘तू तू मैं मैं’मध्ये रीमा लागू आणि सुप्रिया पिळगावकर यांच्याशिवाय पान हलत नव्हतं. पण तिथं बायकांच्या वाट्याला गोष्ट आली ती भांडणाची. ‘हम पाँच’मधली काजलभाई मला आवडायची, पँट-शर्टातली दादागिरी करणारी पोर, १९९५ साली. ‘साराभाई’तली माया तर सुनेला टोमणे मारत का होईना, स्वतःच्या मर्जीनं जगते. आणि आपल्या भागात शेजारी कन्नड चॅनेल लागलं की समाजसेवेचं वेड घेतलेली ‘सिल्ली लल्ली’तली ललितांबा ऐकू यायचीच. म्हणजे लिहायचं ठरवलं तर लिहिता येतं.

आता तुमच्या पत्रातलं मला खरं टोचलेलं वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. दीर हल्ली आत जेवतात.

ताई, तुम्ही स्वतःहून म्हणालात, जेठालाल मीच. ते तुम्ही निवडलंत, आणि बोलताना तुम्हाला बरं वाटलं. तुम्हाला दया घरानं केलं. भाडेकरणीला बबिता तुमच्या नवऱ्यानं केलं, तिला न विचारता. आणि दिरांना पोपटलाल सगळ्यांनी मिळून केलं, त्यात तुम्हीही आलात. पात्रात आपण आपल्याला शोधणं वेगळं आणि दुसऱ्यानं ते आपल्या कपाळावर चिकटवणं वेगळं. पहिल्यात मोकळं वाटतं. दुसऱ्यात माणूस ताट उचलून आत जातो.

टीव्हीवरचा पोपटलाल छत्री घेऊन फिरतो, ‘तूफान एक्स्प्रेस’मध्ये नोकरी करतो, स्थळ मोडलं की चिडतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा नटून तयार. खानापूर, चंदगड, निपाणीकडच्या खेड्यात दीड-दोन एकर शेती असलेला छत्तीस वर्षांचा मुलगा असा पुन्हा नटून तयार होऊ शकत नाही. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, नोकरी कुठं? पुणे, बंगळूर की गोवा? हा शेतात आहे म्हटलं की चहा पिऊन उठतात. तुमच्या घरातली ही एकट्याची गोष्ट नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. लोक हसले. पण गर्भातच मुली मारणं थांबवा, त्याचा कायदा नीट चालवा, अशी त्यांची मागणी होती. दोन महिन्यांनी दक्षिण कर्नाटकातल्या मंड्याकडचे बिनलग्नाचे शेतकरी मुलगी मिळावी म्हणून मलेमहादेश्वराच्या डोंगरावर चालत गेले. मुली नकोत म्हणून घरांनी पंचवीस-तीस वर्षांमागं जे केलं त्याचा हिशेब आता पोरांच्या अंगावर येतोय, आणि त्याला आपण नाव ठेवतो पोपटलाल. लग्न झालं नाही तो पुरुष अर्धवट, हे मालिका हसत हसत सांगते आणि तुमच्या घरात ते रोज जेवणाच्या ताटासमोर सांगितलं जातं. बायकांचं चित्रण वाईट म्हणून आपण ओरडतो, ते बरोबरच आहे. पुरुषाचं मोजमापही त्याच मालिकेत होतं, ते पटकन दिसत नाही.

तेव्हा पहिलं काम हे. ते नाव आज रात्रीपासून बंद. सभा भरवून, माफी मागून नको, त्यानं ते आणखी ओशाळतील. मुलांना तेवढं बाजूला घेऊन सांगा की काकाला काकाच म्हणायचं. आणि साडेआठला त्यांचं ताट बाहेर सगळ्यांबरोबर वाढा. एक-दोन दिवस नाही म्हणतील. वाढत राहा.

आता मालक. ‘मग मी दया व्हायचं काय?’ हे वाक्य त्यांनी रागात टाकलं, पण त्यात मोठी गंमत आहे. तुम्ही जेठालाल झालात तेव्हा सगळ्यांना हसू आलं. ते दया होतील म्हटल्यावर त्यांना अपमान वाटला. बाईनं पुरुषाची जागा घेतली तर विनोद आणि पुरुषाला बाईची जागा दिली तर शिवी! का बुवा? ज्या दयाचं नाव ते तुम्हाला वर्षानुवर्षं कौतुकानं देत आले, ते स्वतःला लागताच हलकं कसं झालं? हा प्रश्न त्यांना विचाराच, पण हसत विचारा, भांडायला नको. माणूस दिवसभर भट्टीच्या धगीत उभा राहून येतो, त्याला घरी आल्यावर थोडं जेठालाल असल्यासारखं वाटून घ्यायचं असेल, तर तेही मला समजतं. फाउंड्रीत तो कुणाचा शेठ नाही. दुकानात बसून गिऱ्हाईकाशी बोलणारी, माल मागवणारी तुम्ही. ही चुटपुट त्यांना आहे का, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. असली तर ‘जेठालाल मी’ हे वाक्य त्यांना तुमच्या गमतीपेक्षा जड लागलं असणार. त्यांना एखाद्या रविवारी दुकानात बसवून तुम्ही घरी थांबा. ‘मालक नाहीत काय?’ असं कुणी विचारलं तर त्यांनी काय उत्तर द्यायचं, ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

बबिताजीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मालिकेत तो विनोद चालतो कारण दयाला त्यातलं काही कळतच नाही, असं लिहिलंय. बबिताच्या नवऱ्याला, अय्यरला चिडवून प्रेक्षकांना जेठालालच्या बाजूनं वळवलंय, आणि बबिता काही समजत नसल्यासारखी गोड हसते. तीन माणसांनी आंधळं व्हायचं तेव्हा कुठं एकाची चेष्टा जमते. तुम्हाला सगळं दिसतं. समोरच्या बाईलाही ऐकू जात असणार. भाड्याच्या घरात राहते म्हणून ती बोलत नसेल. मालकांना हे एकट्यात सांगा, पोरांसमोर, सासूबाईंसमोर नको. ‘तुम्हाला चेष्टा वाटते, मला त्यात हसू येत नाही, आणि उद्या मुलीला कुणी गॅलरीतून असं हाक मारलं तर तुम्हाला येईल काय?’ एवढंच. ‘बघू की’ म्हणतील. त्या ‘बघू की’वर सोडू नका, हो म्हणवून घ्या. दयासारखं न कळल्याचं सोंग तुम्ही आजवर केलंत. तुमच्या पत्राचा सूर बघता ते आता तुम्हाला पुढं जमेल असं मला वाटत नाही.

मालिका बंद करू नका. घरात एकच टीव्ही, त्यासमोर तीन पिढ्या एकत्र जेवतात आणि कुणाला मान खाली घालावी लागत नाही, असे कार्यक्रम थोडे आहेत. त्याचं मोल मी कमी समजत नाही. पण मुलगी विचारायला लागलीय तर तिला बघायचा वेगळा चाळा लावून द्या. भाग संपला की तिला म्हणावं, हीच गोष्ट माधवीची करून सांग. भिडेंच्या दारात पन्नास किलो कैरी येऊन पडलीय, मीठ कमी भरलं म्हणून अर्ध्या बरण्यांवर बुरशी आलीय, आत मास्तरांची ट्यूशन चालू, गिऱ्हाईक पैसे परत मागतंय, आणि मास्तर हळदीचे हात घेऊन बरण्या पुसतायत. हसू येतं की नाही बघा. मला लिहितानाच येतंय. तुमच्या घरातल्या आठ-दहा वर्षांच्या कुठल्याही पोरग्यालाही हा खेळ खेळू दे, त्याला तर जास्त गरज आहे. जेठालालच्या पोराच्या टप्पू सेनेत पाच पोरांत सोनू एकटीच मुलगी, म्हणजे खेळायचं मुलग्यांनी आणि एकीला बरोबर घ्यायचं, हे तो न सांगता शिकतोच. मुलींना लहानपणापासून पुरुषाच्या गोष्टीत स्वतःला घालून बघायची सवय असते, कारण गोष्टी बऱ्याचशा तशाच मिळतात. मुलग्यांना बाईच्या जागी उभं राहून बघ असं कुणी म्हणतच नाही. मग तो मोठा होतो आणि ‘मी दया व्हायचं काय’ म्हणून रुसतो.

मुलीला सुट्टीच्या दिवशी तासभर काउंटरवर घ्या. रिंगा लिटरप्रमाणं लावायला सांगा, बिल करायला सांगा. बाई दुपारी काय करते ते तिला दिसेल, आणि तुम्हालाही दोन घास निवांत खाता येतील.

मालकांशी बोलणं शनिवारी दुकान बंद केल्यावर उरका. दिरांचं ताट मात्र शनिवारपर्यंत थांबवू नका.

– अक्का